देवाच्या बैलाला हवेचं यंत्र

आमच्या दारात जीप आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आधी तिचे पाय धुतले. पाय म्हणजे चाकं. चारी चाकांवर तांब्यानं पाणी ओतलं, हळद-कुंकू लावलं आणि जमलेल्या सगळ्या तांड्यासमोर सांगून टाकलं, "हे आपल्या देवाच्या बैलाच्या जागी आली. हिच्या पाठीवर बोजा टाकाचा नाही."

मी दाराआड उभी होते. ओढणी नाकापर्यंत ओढलेली आणि आतल्या आत तोंड वासलेलं. बोजा टाकायचा नाही? अरे बाप्पा! मग काय आरती ओवाळायला आणली होती ती? माझा नवरा हैदराबाद रोडवर दुसऱ्याचे ट्रक चालवून चालवून थकला, तेव्हा कुठे लष्करानं काढून टाकलेली ही जीप नागपूरच्या लिलावात त्याच्या हाती लागली होती. कापूस पांढरकवड्याला न्यायचा, बाजाराच्या दिवशी माणसं न्यायची-आणायची, असा त्याचा बेत. आणि इथे बापानं पहिल्याच दिवशी तिला देव करून ठेवलं. नवरा नुसता मान खाजवत उभा राहिला. बापासमोर बोलायची त्याची टाप नव्हती.

सासऱ्यांच्या हिशेबानं त्यांचं चुकत नव्हतं म्हणा. आम्ही लमाण. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलूखभर चालायचे. आगगाडी आली, रोड झाले, तो धंदा बुडाला आणि लोक तांडे करून शेतीला लागले. पण त्या कळपात सगळ्यांच्या पुढे एक बैल असायचा, देवाच्या नावानं सोडलेला. त्याच्या पाठीवर कधी गोणी चढत नसे. लाल झूल, कवड्या, घंटा लेवून तो ऐटीत पुढे चालायचा. तो बसला की सगळ्यांनी तिथेच मुक्काम करायचा, तो उठला की उठायचं. त्याला मारायचं नाही, ढकलायचं नाही. सासऱ्यांनी लहानपणी असा शेवटचा बैल पाहिला होता. जीप पाहून त्यांच्या डोळ्यांत तोच उभा राहिला.

शेवटी नवऱ्यानं नायकाला मध्ये घातलं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे. नायकानं विचार करून निवाडा दिला, "माणूस म्हंजे काही बोजा नाही. माणसं बसतीन. अन् माणसाच्या मांडीवर जे गाठोडं राह्यते, थो माणसाचा बोजा. जीपीचा नाही." झालं! त्या दिवसापासून जो तो मांडीवर कापसाचं हे एवढं गाठोडं घेऊन बसायचा. गाठोड्याआड माणूस दिसायचा नाही, पण देवाच्या पाठीवर बोजा नव्हता. (घरात आम्ही गोरबोलीतच, म्हणजे आमच्या लमाणी बोलीतच बोलायचो. इथे वऱ्हाडीत लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई काय बोलून राह्यली.)

सासूनं एक अख्खा पावसाळा बसून जीपसाठी झूल शिवली. लाल कापड, त्यावर आरसे, कवड्या, काठाला लोकरीचे गोंडे. तिच्या हातात देव होता, खोटं कशाला बोलू. ती झूल बॉनेटवरून पुढे सोडून दोन्ही दिव्यांच्या मधोमध खालपर्यंत बांधायची. जीपला तोंड म्हणून राहिलंच नाही, नुसते दोन डोळे. बाजारात लोक थांबून थांबून पाहायचे आणि सासू ओढणीआड हसायची.

आमच्या तांड्यातून पक्क्या रोडला लागायचं तर मधे एक खिंड चढावी लागते. दगडांची, उभी. सपाटीवर जीप वाऱ्यासारखी पळायची, पण खिंडीत अर्ध्यावर गेली की हिचं बिनसायचं. आधी खडखड, मग वाफ, मग ठप्प. सासरे लगेच हात वर करायचे, "बसली! उतरा सारे." मग काय, सगळ्यांनी उतरायचं, बायांनी तीन दगडांची चूल मांडायची, चहा व्हायचा, विड्या व्हायच्या. काही वेळानं जीप "उठायची" आणि वरात पुढे निघायची. आजूबाजूच्या गावांत आमची थट्टा व्हायची, लमाणांची जीप रवंथ करून राह्यली म्हणून. मीही हसायचे.

ते हसणं एका वैशाखात संपलं.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्याच वयाची. मी सासरी आले तेव्हा पहिल्या रात्री माझ्या उशाशी झोपली होती ती, "भाभी, रडू नको वं, माह्या भावाले फक्त घोराची सवय हाये," असं म्हणून मला हसवलं होतं तिनं. पहाटे तिला कळा लागल्या. ऊन वर आलं तरी सुटका होईना. तांड्यातली सुईण बाहेर येऊन म्हणाली, माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. मी तिला धरून बाहेर आणलं तोवर जीप तयार होऊन उभी होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. सासूला जागा नव्हती, ती मागून पायी निघाली.

आणि खिंडीत जीप बसली.

ऊन असं की दगडाला हात लावला तर सोलून निघावा. नवऱ्यानं पाणी ओतलं, ते चर्र करून उडालं. त्या दिवशी सासऱ्यांनी "बसली" म्हटलं नाही. ज्यानं आजवर कोणाला जीपला हात लावू दिला नव्हता, त्या म्हाताऱ्यानं पागोटं फेकलं आणि स्वतः खांदा लावला. जीप हातभर सरकली न् मागे आली. एक जण बैल आणायला शेतांकडे धावला. नणंदेनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मधे मधे डोळे उघडून विचारायची, "भाभी, उठली का वं थे?"

बैल यायच्या आत ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं. आणि त्यानंतर नवऱ्यानं चावी फिरवली तर जीप एका झटक्यात चालू झाली. आज इतकी वर्षं झाली, अजून चालू जीपजवळ गेले की तिचं त्या दिवसाचं घरघरणं कानात घुमतं.

सासू खिंडीत पोचली तेव्हा आम्ही खाली येत होतो. तिनं आम्हाला उतरताना पाहिलं आणि जागच्या जागी बसली.

पुढच्या साली मला दिवस राहिले. घरात कोणाला आनंदानं बोलता येईना. सासरे मला पाहिलं की खिंडीकडे पाहायचे. माझे दिवस भरणार होते पोळ्याच्या सुमाराला, म्हणजे ऐन चिखलाचे दिवस, खिंड आणखीच वाईट. मला भीती वाटायची. सरळ सांगते, मरणाची भीती वाटायची. नवऱ्यानं एकच ध्यास घेतला, ही जीप पुन्हा बसता कामा नये. पांढरकवड्याला ट्रकवाल्यांच्या मिस्त्र्यांची लाइन होती, तिथे तो दिवसच्या दिवस जाऊन बसायचा.

एकदा दवाखान्यात दाखवायला म्हणून मला नेलं आणि येताना मिस्त्रीकडे थांबला. पांढरकवड्याच्या वेशीवर त्यानं नेहमीसारखी झूल सोडून, घडी करून सीटखाली ठेवली होती. देवाच्या वस्त्राला तेलकट हात लागू नयेत म्हणून. मिस्त्रीनं गोणपाटावर ठेवलेली एक लोखंडी पेटी दाखवली. रोडच्या कामावरचं कुठलंसं मोठं मशीन मोडीत निघालं होतं, त्यातून काढलेली. आत दोन जाडजूड पाती एकमेकांत गुंतून फिरायची. सुपरचार्जर, म्हणाला. इंजिनाला पट्ट्यानं जोडायचं, मग ते इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतं.

"भैया, इंजन वही रहेगा, पर डेढ़ इंजन का काम देगा," मिस्त्री म्हणाला. "बॉनेट थोड़ा काटना पड़ेगा बस."

"गरम?" नवऱ्यानं विचारलं.

"गरम तो होगा. पर चढ़ जाएगा."

मी तिथेच ओढणीआडून चमकले. गरम होऊनच तर बसते ना ही बया? मग आणखी गरम करून कशी चढणार? चुलीत फुंकणीनं जास्त फुंकलं तर जाळ होतो, पण भाकरही करपते, एवढं आम्हा बायांना शिकवावं लागत नाही. पण नवऱ्याच्या डोळ्यांत ती पेटी बसली होती. पाहून ठरवू, म्हणून तो ती घरीच घेऊन आला.

त्याच आठवड्यात झूल चिखलानं भरली म्हणून सासूनं धुऊन कुंपणावर वाळत घातली. नवरा तसाच बाजारात जाऊन आला. जाताना-येताना खिंडीत कुठेच बसली नाही. "आज ऊन नव्हतं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघाला, मी भाकरीचं फडकं द्यायला चालू जीपच्या पुढून गेले. तर माझ्या ओढणीचा पदर कोणीतरी ओढला. वळून पाहते तर पदर सुळ्ळकन जीपच्या जाळीला जाऊन चिकटलेला! ओढला तर सुटेना. आत पंखा फिरत होता, आणि जीप नाकानं भरभरून हवा आत घेत होती. नेमकी तिथून, जिथे आम्ही झूल बांधायचो.

हातातलं फडकं खाली पडलं. कुंपणावर ती लाल झूल वाळत होती, आरसे चमकत होते. आणि मला नणंद दिसली. भाभी, उठली का वं थे?

मी दिवसभर वेड्यासारखी वावरले. संध्याकाळी नवरा चुलीजवळ येऊन बसला तेव्हा हळूच म्हटलं, "अजी, ऐकता का? थे यंत्र नोका लावू. जीपीचं नाक झाकलं जाते झुलीनं. म्हणून थे तापते, म्हणून बसते."

मला वाटलं, तो हसेल, नाहीतर खेकसेल. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. चुलीतलं लाकूड पुढे सारत बसला.

"माहीत हाये मले," म्हणाला.

"काय?"

"दिवाळीपासून माहीत हाये. चूप राह्य. याडीच्या कानावर गेलं तं थे जीव देईन. तिनं शिवली ना झूल. यंत्र लावतो. झूल बी राह्यते, जीप बी चढते, कोणाले काही समजत नाही."

घ्या! याला माहीत होतं! आणि हा आईच्या मनाला जपायला म्हणून तापणाऱ्या जीपवर आणखी तापवणारं यंत्र चढवायला निघाला होता, आणि त्यात बसणार होते मी, पोट घेऊन. "अन् खिंडीत फुटलं तं?" मी विचारलं. "नाही फुटत," म्हणाला. पण त्याचा आवाज असा होता की त्याचा त्यालाही भरवसा नव्हता. मला त्याचा इतका राग आला की ताटात भाकर वाढली ती आपटूनच. आणि राग आला तरी तो चुकतोय असं म्हणवेना. सासूनं लेकीनंतर अजून धड पोटभर जेवण केलं नव्हतं. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की याडी, तुझ्या हातच्या झुलीनं?

आमच्याकडे मोठं काही करायचं तर तांडा बसतो. नायकाच्या दारात बैठक भरली. जीप मधोमध, अंगावर झूल, पुढे गोणपाटावर ती पेटी. पुरुष गोलात, आम्ही बाया मागे. म्हाताऱ्यांनी पेटीत बोटं घालून पाती फिरवून पाहिली. एक जण म्हणाला, देवाच्या बैलाले दुसरं नाक कायले? दुसरा म्हणाला, अन् बॉनेट कापाचं म्हंजे देवाचं कपाळच कापाचं ना! मला वाटलं, सुटले. सासरे आता उठतील आणि पेटी लाथाडून देतील. बोजा ठेवू न देणारा माणूस कपाळ कापू देईल?

सासरे उठले खरे. पण म्हणाले, "माह्या लेकीले थे खिंड चढता आली नाही. सुनेले चढता आली पाह्यजे. देव माह्यावर कोपला तं कोपू द्या. कापा."

मला हुंदकाच फुटला. हा माणूस माझ्यासाठी आपला देव कापायला तयार झाला होता. नायकानं मान हलवली. उद्या मिस्त्रीला बोलवा, म्हणाला. लोक पागोटी सावरायला लागले.

आता नाही बोलले तर कधीच नाही. पण सुनेनं सासऱ्यासमोर, नायकासमोर तोंड उघडायचं? तसं आमच्यात कोणी केलं नव्हतं. पण देवाशी बोलायला तर कोणाची मनाई नाही ना? मी नायकाच्या दारातला पाण्याचा तांब्या उचलला, सरळ पुरुषांच्या गोलात शिरले आणि जीपच्या चाकावर पाणी घातलं. मागून नवऱ्याचा आवाज आला, "अवं, कुठी चालली?" मी हात जोडले आणि मोठ्यानं बोलले.

"देवा, तू नाकानं हवा घेतेस. मी पाह्यलं, माह्या डोयानं पाह्यलं. आम्ही तुह्या नाकावरच झूल बांधली. तुहा जीव घुसमटते, म्हणून तू बसतेस. तुले यंत्र कायले पाह्यजे? तुले नाक मोकळं पाह्यजे. आम्हाले माफ कर."

नवरा पुढे आला, "गरवार बाई हाये, काही बी बोलून राह्यली," म्हणत माझा हात धरू लागला. तेवढ्यात बायांमधून सासू उठली. कोणाकडे न पाहता जीपजवळ आली. झुलीच्या गाठी एकेक करून सोडल्या, झूल खांद्यावर घेतली आणि लेकाला म्हणाली, "चाल. चढवून पाहू. मी बी येते."

मग काय, नायक बसला, सासरे बसले, जागा मिळेल तिथे माणसं लटकली. मला पुढे बसवलं. जीपमध्ये एवढी माणसं कधी चढली नव्हती. खिंड आली. ती जागा आली. नवऱ्यानं गिअर टाकला. जीप घरघरली, दगडांवरून हेलकावली आणि चढत राहिली. चढतच राहिली. ना खडखड, ना वाफ. माथ्यावर पोचलो तेव्हा मागचे लोक ओरडायलाच लागले. नायकानं लटकलेल्या एकाची पाठ थोपटली, "यंत्र वापस करा रे! पोरीनं देवाचं मन ओयखलं!" सासरे आकाशाकडे हात जोडून हसत होते. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहत होते. मीही हसले. रडत रडत हसले.

त्या गोंधळात सासूनं पुढे वाकून लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय रे," तिनं विचारलं, "त्या दिवशी बी झूल होती ना?"

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. सासऱ्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"नाही याडी," नवरा समोर पाहत म्हणाला. "त्या दिवशी घाईत बांधलीच नव्हती."

"होती," सासू म्हणाली. "मीच बांधली होती. तुम्ही तिले बाहेर आणून राह्यलते, तवा बांधली. म्हटलं, माही लेक चालली, देवाले सजवून पाठवाव."

माझ्या तोंडून निघालेला शब्द मला परत घेता आला असता तर तिथल्या तिथे घेतला असता, आणि नसताही घेतला, कारण पोटात लेकरू फिरत होतं. सासू जीपमधून उतरली. झूल खांद्यावरच होती. खिंडीच्या उतारानं ती तांड्याकडे चालू लागली. नवऱ्यानं हाक मारली, "याडी, बस ना, नेतो," ती चालतच राहिली.

मी उतरले. कोणीतरी थांब म्हणालं, मी थांबले नाही. पोट सांभाळत, दगडांवरून तिच्या मागे निघाले. हाक मारायचा धीर होईना. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण काही अंतर गेल्यावर तिची पावलं हळू झाली. आणखी हळू झाली. मी तिच्या बरोबरीला आले तेव्हा तिनं माझा हात आपल्या हातात घट्ट धरला.

"खाली पाहून चाल पोरी," ती म्हणाली. "दगडं हायेत."